शाळेत संगणक आणि इंटरनेट वापराची नियमावली कशी करावी

बहुतेक शाळांच्या संगणक कक्षाबाहेर एक फलक असतोच. ‘चपला बाहेर काढाव्यात’, ‘शांतता राखावी’, ‘परवानगीशिवाय यंत्रांना हात लावू नये’. हे नियम धूळ आणि दुरुस्तीचा खर्च डोळ्यांपुढे ठेवून केलेले. यंत्राच्या पलीकडे इंटरनेट आहे याची त्यांना गंधवार्ता नाही. अनेक शाळांत संगणक योजनेचा करार संपला, संगणक शिक्षक गेले आणि मागे राहिली ती दहापैकी सहा यंत्रं चालू असलेली लॅब. सातवीच्या वर्गात लोकसहभागातून आलेला मोठा टीव्ही. क्लार्कच्या टेबलावर शाळेचा सगळा कारभार ओढणारा एकुलता एक धड संगणक. हे सगळं कधी ग्रामपंचायतीच्या जोडणीवर चालतं, तर कधी एखाद्या सरांच्या हॉटस्पॉटवर. नियमावली करायची ती अशा शाळेसाठी. शहरातल्या मोठ्या शाळेचं बारा पानी धोरण उचलून नाव बदललं तर फाइल तयार होते, पण ती कोणी वाचत नाही.

हा लेख मुख्याध्यापक, संगणकाचं काम बघणारे शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक यांच्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगतो: या नियमावलीतला निदान निम्मा भाग मोठ्यांना लागू असला पाहिजे. शाळेतल्या संगणकाचा सगळ्यात बेफिकीर वापर मुलं करत नाहीत, आपण करतो.

पहिली पायरी: कोण काय वापरतं ते बघा

लिहायला बसण्याआधी आठवडाभर नुसती नोंद ठेवा. कक्षात एक वही, त्यात तारीख, तासिका, वर्ग, यंत्राचा क्रमांक, कोण बसलं, कशासाठी. यंत्रांना क्रमांक नसतील तर जडसंग्रह नोंदवहीशी (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदीशी) ताळा घालून ते मोठ्या अक्षरांत चिकटवा. ‘खिडकीजवळचा’, ‘पंख्याखालचा’ अशा नावांनी नंतर कसलाच माग लागत नाही.

आठवड्यानंतर वही वाचली की खरं चित्र दिसतं. मुलांचे तास ठरलेले असतात, पण त्याखेरीज शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जातात, यूडायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर शाळेची माहिती चढते, मधल्या सुट्टीत कोणाचा तरी मुलगा गेम खेळतो, संध्याकाळी गावातला माजी विद्यार्थी भरतीचा अर्ज भरून जातो. यातलं सगळं बंद करायची गरज नाही. माजी विद्यार्थ्याला अर्ज भरू देण्यात मला काही गैर दिसत नाही. फक्त तो मुलं नसताना यावा, त्याची नोंद व्हावी आणि त्याने शाळेच्या खात्यातून काही उघडू नये, एवढं पुरे.

लॅबबाहेरच्या वस्तूही यादीत घ्या: टीव्ही, टॅब, प्रिंटरजवळचा लॅपटॉप, शिक्षकांचे मोबाइल. टीव्ही बहुधा सगळ्यांच्या नजरेतून सुटतो. तो इंटरनेटला जोडलेला असतो, त्याच्यावर कोणाचं तरी वैयक्तिक यूट्यूब खातं उघडं असतं, आणि सरांनी रात्री घरी जे पाहिलं त्याच्या शिफारशी सकाळी सातवीच्या वर्गापुढे झळकतात. टीव्हीसाठी शाळेच्या नावाने वेगळं खातं काढा. हे काम आजच होण्यासारखं आहे.

दुसरी पायरी: यंत्र पाळू शकेल तो नियम मुलांवर टाकू नका

‘कोणतंही सॉफ्टवेअर टाकू नये’ असं भिंतीवर लिहिण्यापेक्षा ते टाकताच येणार नाही अशी सोय करणं दहा मिनिटांचं काम आहे. विंडोजमध्ये खाती दोन प्रकारची असतात, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. पहिल्यावरून यंत्रात काहीही बदलता येतं, दुसऱ्यावरून बहुतेक सॉफ्टवेअर टाकता येत नाही. बहुतेक शाळांत सगळी मुलं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यावरच बसतात, कारण यंत्र बसवून देणाऱ्याने तेच एक खातं केलेलं असतं. प्रत्येक यंत्रावर इयत्तेच्या नावाने स्टँडर्ड खाती करा: ‘पाचवी’, ‘सहावी’, ‘सातवी’. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड फक्त दोघांकडे ठेवा, आणि तो बंद पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या कपाटात. एवढ्याने निम्मे बिघाड थांबतात.

यंत्रं जुनी असतील तर एक गोष्ट लक्षात घ्या. विंडोज १० ची मोफत नियमित सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. ज्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही, त्यांवर उबंटूसारखी मोफत प्रणाली टाकता येते. मराठी टायपिंग, ब्राउझर आणि लिब्रेऑफिस एवढ्या गरजांना ती पुरून उरते. मुलांना दोन दिवस वेगळं वाटतं. शिक्षकांना दोन महिने.

पुढचं काम राउटरवर. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस नावाचा रकाना असतो. साइटच्या नावावरून तिचा पत्ता कोणत्या सेवेला विचारायचा हे त्यात ठरतं. तिथे क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची मोफत सेवा घालता येते: पहिल्या रकान्यात १.१.१.३ आणि दुसऱ्यात १.०.०.३ (टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे). यामुळे प्रौढांसाठीच्या आणि व्हायरस पसरवणाऱ्या बहुतेक साइट त्या जोडणीवरून उघडतच नाहीत. गुगलची सेफसर्च आणि यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड (नको ते निकाल आणि व्हिडिओ गाळणारे पर्याय) प्रत्येक ब्राउझरमध्ये चालू आहेत का ते बघा, नसतील तर चालू करा. ब्राउझरच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ असा पर्याय असतो, तो दुसऱ्या सेवेवर लावलेला असेल तर राउटरवरची गाळणी बाजूला पडते, म्हणून तेही तपासा. मग स्वतः बसून पाच-सहा भलतेसलते शब्द मराठीत, हिंदीत आणि इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत टाकून बघा. मराठीतलं बरंच काही गाळणीतून निसटतं. ते डोळ्यांनी पाहिलं की गाळणीवर किती विसंबायचं हे आपोआप ठरतं.

सगळं यूट्यूब बंद करायचा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटत नाही. विज्ञानाचा प्रयोग, कातळशिल्पांची चित्रफीत, एखाद्या बोलीतलं गाणं हे सगळं तिथेच आहे, आणि शाळेत बंद असलेली गोष्ट मुलं घरी कोणाच्याही नजरेबाहेर बघतातच. शिवाय वर जे सगळं केलं ते शाळेच्या राउटरपुरतं. कोणी आपला हॉटस्पॉट चालू केला की गाळणी संपली. म्हणून मुलांच्या तासाला कोणाचाही वैयक्तिक हॉटस्पॉट यंत्राला जोडायचा नाही, हा नियम शिक्षकांसाठी लिहून ठेवावा लागतो.

शेवटी बाकांची मांडणी. यंत्रं भिंतींना लावून, स्क्रीन खोलीच्या मध्याकडे तोंड करून ठेवा. मध्ये उभं राहिलं की एका नजरेत सगळे पडदे दिसतात. हजारो रुपयांचं निगराणी सॉफ्टवेअर जे करतं ते टेबलं फिरवून फुकटात होतं, आणि मुलांना आपल्यावर हेरगिरी चालली आहे असंही वाटत नाही.

तिसरी पायरी: मुलांचे नियम मुलांसोबत

आता कागद घ्यायचा. एका तासिकेला वर्गाला एकच प्रश्न विचारा: ‘संगणकावर कोणाला त्रास झाला, असं काय काय घडू शकतं?’ मुलं अशा गोष्टी सांगतात ज्या आपल्याला सुचणारच नाहीत. मित्राचं खातं उघडं राहिलं म्हणून त्याच्या नावाने मेसेज पाठवला. एखादीच्या फोटोवर मिशा काढून ग्रुपवर टाकला. गेममधले फुकट डायमंड मिळतील म्हणून बाबांचा ओटीपी दिला. फळ्यावर यादी झाली की त्यातूनच नियम काढायचे. सातपेक्षा जास्त नकोत. पाचवी ते आठवीसाठी नमुना असा होऊ शकतो:

१. मी माझ्या वर्गाच्या खात्यावरच बसेन. काही उघडलं असेल तर उठताना बंद करून लॉग-आउट करेन.

२. दुसऱ्याचं खातं उघडं दिसलं तर वाचणार नाही, बंद करेन आणि त्याला सांगेन.

३. माझं पूर्ण नाव, पत्ता, फोन, आधार, ओटीपी कुठेही भरण्याआधी बाईंना किंवा सरांना विचारेन.

४. कोणाचाही फोटो, आवाज किंवा व्हिडिओ त्याला विचारल्याशिवाय घेणार नाही, बदलणार नाही, पाठवणार नाही. गंमत म्हणूनसुद्धा नाही.

५. नको ते काही समोर आलं तर मॉनिटरचं बटण बंद करून लगेच सांगेन. सांगितल्याबद्दल मला कोणी रागावणार नाही.

६. जे इंटरनेटवरून किंवा एआयकडून घेतलं असेल, त्याखाली तसं लिहीन.

७. यंत्र बिघडलं तर सांगेन. वायरी स्वतः ओढणार नाही.

पाचव्या नियमातलं दुसरं वाक्य शाळेने मुलांना दिलेला शब्द आहे, आणि सगळी नियमावली त्यावर तोलून आहे. मूल चुकून भलत्या पानावर गेलं, घाबरून त्याने संगणकाची वायरच ओढली आणि कोणाला काही सांगितलं नाही, तर आपल्याला कधीच कळत नाही की गाळणी कुठे फाटली. म्हणून मॉनिटरचं बटण. पडदा काळा होतो, बाकीच्यांना दिसत नाही, आणि संगणक चालू राहिल्याने ते पान कुठून आलं हे शिक्षकांना शोधता येतं. पहिल्यांदा असं सांगायला आलेल्या मुलाला तुम्ही भर वर्गात ‘तूच काहीतरी शोधलं असशील’ म्हणालात, तर दुसरं मूल येणार नाही. तेवढ्या एका वाक्याने वर्षभराची मेहनत वाया जाते.

सहाव्या नियमाबद्दल थोडं अधिक, कारण सध्या शिक्षकांची सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे. ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध वीस वह्यांत एकाच वळणाने येतो, आणि त्यात कोणाच्याच गावचा पाऊस नसतो. एआयने लिहिलेलं ओळखून देतो म्हणणाऱ्या साधनांवर विसंबून मुलाला शिक्षा करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं होतं. इंग्रजीची ही गत, तर मराठीचं काय सांगावं. त्यापेक्षा निबंध वर्गात, हाताने लिहून घ्या, आणि विषय असा द्या की घरी विचारल्याशिवाय लिहिताच येणार नाही. चॅटजीपीटीच्या अटींनुसार ते १३ वर्षांखालच्यांसाठी नाही आणि १८ खाली पालकांची परवानगी लागते. त्यामुळे सातवीपर्यंत एआय वापरायचंच तर शिक्षकांनी टीव्हीवर, सगळ्यांसमोर वापरावं. त्याने दिलेल्या उत्तरातल्या चुका मुलांकडून शोधून घेण्याचा तास भलताच रंगतो.

नियम ठरले की एक वही-कागदभर प्रत, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या, आणि परिपाठात एकदा वाचन. ‘नियमांचे उल्लंघन केल्यास कठोर कारवाई करण्यात येईल’ हे वाक्य कृपया लिहू नका. कोणती कारवाई, कोण करणार, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

चौथी पायरी: आपले नियम

इथे जरा थांबूया, कारण इथेच सगळ्यात जास्त टाळाटाळ होते.

फोटोंपासून सुरुवात करू. शाळेत कुठलाही उपक्रम झाला की त्याचे फोटो वर पाठवावे लागतात. ते शिक्षकाच्या खासगी मोबाइलमध्ये निघतात, केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) ग्रुपवर जातात, फेसबुकवर चढतात, स्टेटसला लागतात. गणवेशावर शाळेचं नाव, मागे फलकावर गाव, खाली कौतुकाने लिहिलेलं मुलीचं पूर्ण नाव आणि इयत्ता. तीन गोष्टी एकत्र आल्या की ते मूल कोणालाही शोधता येतं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती हे मूळ सूत्र ठेवलं आहे. व्यवहारात एवढं करा: अहवालासाठी समूहाचे किंवा पाठमोरे फोटो काढा, नाव आणि चेहरा एकत्र देऊ नका, खासगी स्टेटसवर विद्यार्थी नकोत, आणि काम झालं की मोबाइलमधून काढून टाका. बक्षिसाच्या वेळी नावासह फोटो द्यायचाच तर त्या एका फोटोसाठी पालकांना विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. जे नाही म्हणतात त्यांच्याकडे अनेकदा कारण असतं: कौटुंबिक खटला, घर सोडून आलेली आई. ते कारण आपल्याला सांगायला ते बांधील नाहीत.

दुसरं, कागदपत्रं. क्लार्कच्या संगणकातला ‘डाउनलोड्स’ फोल्डर उघडा. आधारची चित्रं, जातीचे दाखले, बँकेची पासबुकं, वर्षानुवर्षांची. त्याच संगणकावर दुपारी कोणीही बसतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी हा फोल्डर रिकामा करणं हे एका नावाने ठरवून द्या. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी काढा. व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं ठेवून जेवायला जाऊ नका. मोबाइलमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन जुनी यंत्रं अधूनमधून काढून टाकावीत.

तिसरं, मुलांशी बोलणं. शिक्षकाने विद्यार्थ्याला वैयक्तिक मेसेज करू नये. जे सांगायचं ते वर्गाच्या ग्रुपवर, जिथे पालक आणि निदान आणखी एक शिक्षक आहे. एखाद्या मुलाशी वेगळं बोलणं खरंच गरजेचं असेल तर पालकांच्या क्रमांकावर. हा नियम कोणावर संशय म्हणून करायचा नाही. तो मुलांना जपतो तसा सरळमार्गी शिक्षकालाही जपतो, आणि सभेत असा मांडला तर कोणाला लागत नाही. ग्रुपवर रात्री दहाला गृहपाठ टाकणंही यातच बंद करा.

पाचवी पायरी: घडलंच तर

साध्या चुकांसाठी साधे उपाय. गेम खेळला, दुसऱ्याची फाइल पुसली, मना केलेली साइट उघडली, तर पहिल्यांदा बोलणं, दुसऱ्यांदा पालकांना कळवणं, तिसऱ्यांदा काही दिवस शिक्षकांच्या शेजारच्या यंत्रावर बसवणं. संगणकाचा तासच बंद करू नका. तो शिक्षणाचा भाग आहे. आणि मारणं, अंगठे धरायला लावणं, परिपाठात उभं करून लाजवणं यातलं काहीही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे.

गंभीर प्रकार वेगळे. एखाद्या मुलीचा आक्षेपार्ह फोटो फिरतोय, कोणी अनोळखी माणूस मुलाला धमकावून फोटो मागतोय, एखाद्या यंत्रावर मुलांसंबंधी अश्लील काही सापडलं. अशा वेळी शाळेत पहिली प्रतिक्रिया असते ती ‘पुरावा’ म्हणून तो फोटो हेडसरांना, मग समितीच्या अध्यक्षांना व्हॉट्सअ‍ॅप करण्याची. हे कदापि करू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली मुलांची लैंगिक चित्रं पाठवणं, साठवणं, डाउनलोड करणं हाच गुन्हा आहे. ज्या खात्यावरून आलं त्याचं नाव, दुवा, तारीख आणि वेळ कागदावर लिहून घ्या, ते यंत्र किंवा मोबाइल कोणाला हाताळू देऊ नका आणि पोलिसांची वाट बघा. कोणी मुद्दाम पुसूही नये.

कळवायचं की नाही हा प्रश्न समितीत मतदानाला ठेवायचा नसतो. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळल्यावर किंवा घडण्याची भीती वाटल्यास पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा ठरतो. ‘गावात बोभाटा नको’, ‘मुलीचं नाव खराब होईल’ या वाक्यांना इथे जागा नाही. मुलीचं नाव उघड न करण्याची जबाबदारी कायद्यानेच सगळ्यांवर टाकली आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. ओटीपी देऊन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच, त्याच तासात फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलं आणि स्त्रियांसंबंधीच्या तक्रारी नाव न देताही करता येतात. १८ वर्षांखालील मुलाचा स्वतःचा नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा फोटो समाजमाध्यमांवरून काढायचा असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिच्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही, फोनमध्येच त्याची एक सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो शोधतात.

शाळेत २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. ती कागदावरच असेल तर या निमित्ताने जागी करा, आणि ऑनलाइन त्रासाची तक्रार मूल तिच्यातल्या कोणाकडे करू शकतं ते नाव मुलांना सांगा. तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे आहे, तेही बघा.

सहावी पायरी: ठराव आणि पालक

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नियमावली वाचून ठराव करा आणि इतिवृत्तात लिहा. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघापुढे ठेवा. पालक सभेत भाषण नको. संगणक कक्ष उघडा, पालकांना यंत्रांपुढे बसवा आणि मुलांनाच नियम समजावून सांगू द्या. अनेक आयांनी या यंत्राला पहिल्यांदा हात लावलेला असतो.

संमतीपत्र एका पानाचं, मराठीत, तीन वेगळ्या चौकटींचं करा: शाळेत इंटरनेट वापरायला संमती, नावाशिवाय समूह-फोटोला संमती, वर्गाच्या ग्रुपवर पालकांचा क्रमांक घ्यायला संमती. तिन्हींवर एकच सही घेऊ नका. फोटोला नाही म्हणणाऱ्याला इंटरनेटलाही नाही म्हणावं लागेल, असं होता कामा नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा आणि वाचून कोणी दाखवलं त्याचं नाव खाली लिहा.

दर जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात नव्या पाचवीबरोबर तिसरी पायरी पुन्हा करायची. जुने नियम नुसते वाचून दाखवून ती भागत नाही. बदल्या झाल्या की कार्यभार देताना शाळेची सगळी खाती आणि पासवर्ड यादीत लिहून नव्या शिक्षकाकडे सोपवायचे, त्याच दिवशी पासवर्ड बदलायचे आणि गेलेल्या शिक्षकाचा मोबाइल क्रमांक त्या खात्यांतून काढायचा. नाहीतर यूडायसचा ओटीपी सहा महिने दुसऱ्या तालुक्यात वाजत राहतो.